‘विशेष’ म्हणण्याची किंमत

शाळेचे स्नेहसंमेलन असो, पदवीदान समारंभ असो वा कार्यालयातील एखाद्याचा निरोप, प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात ‘आपल्यापैकी प्रत्येक जण विशेष आहे’ हे वाक्य हटकून येते. टाळ्याही पडतात. परंतु मागच्या बाकावर एखादा चिकित्सक विद्यार्थी असतोच आणि त्याच्या मनात शंका येते : सगळेच विशेष, तर मग विशेष कोण? सर्वांनाच पहिला क्रमांक दिला तर क्रमांकाला अर्थ तो काय राहिला?

शंका बिनतोड वाटते. तथापि ‘विशेष’ म्हणजे ‘श्रेष्ठ’ असे ती गृहीत धरते. कणादांच्या वैशेषिक दर्शनात ‘विशेष’ हा एक स्वतंत्र पदार्थ मानला आहे. एकाच जातीचे दोन परमाणू सर्व गुणांनी सारखे असले तरी ‘हा तो नव्हे’ असे ज्यामुळे म्हणता येते, तो विशेष. तेथे वरचढपणाचा प्रश्नच उद्भवत नाही. या अर्थी प्रत्येक जण विशेष आहे, या विधानात विसंगती मुळीच नाही.

मात्र हा अर्थ पत्करला की बोलणाऱ्याची सुटका होत नाही. कौतुक फुकट करता येते. याच्या जागी दुसरा चालणार नाही, असे एकदा मान्य केले म्हणजे त्या एकासाठी तजवीज करावी लागते. आणि तजविजीला पैसा व माणसे लागतात.

आपल्या देशात निवडणूक-यंत्रणा ही तजवीज करते, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य करावे. अरुणाचल प्रदेशाच्या अंजॉ जिल्ह्यात मालोगाम नावाची वस्ती आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तेथील मतदान केंद्राच्या यादीत एकच नाव होते, एका स्त्रीचे. तेवढ्यासाठी कर्मचारी मतदान यंत्र घेऊन सुमारे ४० किलोमीटर डोंगरवाटा तुडवीत गेले. गुजरातेत गीरच्या अरण्यात बाणेज येथेही एका मतदारासाठी केंद्र उघडण्याचा परिपाठ आहे. (अशा केंद्रावर मत गुप्त कसे राहावे, हा पेच आहेच.) मतदाराला दोन किलोमीटरांहून अधिक चालावे लागू नये, या दंडकापोटी हा सारा खटाटोप. एका मताने निकाल फिरत नाही, हे हिशेबनिसाचे म्हणणे खरे असूनही येथे गैरलागू ठरते.

राजकारणात प्रत्येक माणसाचे मूल्य एक आणि सामाजिक-आर्थिक जीवनात मात्र तसे नाही, या विसंगतीचा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. ती विसंगती पाहण्यास अरुणाचलापर्यंत जाण्याचे कारण नाही. शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांनी प्राथमिक शाळेसाठी एक किलोमीटरचे अंतर ठरविले. म्हणजे कागदावर मुलाचा हक्क मतदाराहून निकटचा! परंतु २०२३ साली महाराष्ट्र शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्यासाठी प्रस्ताव मागविले. त्यामागील युक्तिवाद पोकळ नाही. चार मुलांच्या शाळेत खेळगडी नसतात, एकाच गुरुजींना सर्व इयत्ता सांभाळाव्या लागतात, प्रयोगशाळेचे नावच नको. त्याच वर्षाच्या आरंभी वाशीम जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत एकच विद्यार्थी आणि त्याला शिकविण्यास रोज येणारे एक शिक्षक असल्याची वार्ता आली होती. त्या मुलालाही सोबती हवेच असणार.

तरीदेखील मतदानाच्या वेळी जे गणित आपण बाजूला ठेवतो, तेच शाळेच्या वेळी प्रथम मांडतो, हे विचार करण्याजोगे आहे. मतपेटी पाच वर्षांतून एकदा डोंगर चढते. शिक्षकाला रोज चढावे लागते, आणि त्याचे वेतन दरमहा द्यावे लागते. फरक एवढाच असेल तर तो तसा स्पष्ट सांगावा. समूह शाळेपर्यंत मुलांना वाहनाने नेऊ, असे म्हटले जाते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी येऊन गाडी आली नाही, तर वाडीवरच्या सात वर्षांच्या मुलीला त्या दिवशी कोण आणि कोठे शिकविणार, याचे उत्तर प्रत्येक प्रस्तावात त्या वाडीच्या नावानिशी लिहिलेले असावयास हवे.