मिळकत पत्रिकेआधी चावडीवर वाचन हवं

इंग्लंड जिंकल्यावर विल्यम राजाने १०८६मध्ये परगण्यापरगण्यांत अधिकारी धाडून जमिनीची नोंद करवली. तीच ‘डूम्सडे बुक’. त्या विजयाआधीच्या एडवर्ड राजाच्या वेळी जमीन कोणाकडे होती आणि आज कोणाकडे आहे, हे लोकांना शपथेवर विचारलं गेलं. जुन्या धन्याचं नाव वहीत राहिलं, जमीन मात्र नव्या सरदाराच्या नावे पक्की झाली.

नागपूर प्रांतातही सत्तापालटानंतर असंच घडलं. १८५३मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले, गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं आणि १८६०च्या दशकात नवी जमाबंदी झाली. भोसल्यांच्या अमलात पाटील गावाचा सारा गोळा करून भरायचा. गाव त्याच्या मालकीचं नव्हतं. इंग्रजांनी त्याला मालगुजार करून मालकी दिली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसणारा त्याचं कूळ ठरला. ही मालकी मोडायला १९५१ उजाडावं लागलं.

तरीही त्या जमाबंदीला निव्वळ लूट म्हणणं अन्यायाचं होईल. तिच्यामुळे शेताला नकाशा मिळाला, काही कुळांना संरक्षण मिळालं, आणि चराई, सरपण, पाणी यांचे गावाचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ या रिवाजांच्या नोंदवहीत लिहिले गेले. या निस्तार हक्कांना १९६६च्या महसूल संहितेतही जागा आहे. पूर्व विदर्भातले मामा (माजी मालगुजारी) तलाव आजही धानाला पाणी देतात, याचं काही श्रेयही मालगुजारांच्या पदरात टाकायला हवं.

आता केंद्राच्या स्वामित्व योजनेत घरांना मिळकत पत्रिका देण्यासाठी गावठाणावर ड्रोन फिरतोय. आधी घराघराच्या हद्दीवर चुन्याची रेघ ओढतात आणि वरून फोटो घेतात. सातबारा शेताचा, गावठाणातल्या घराला आजवर बहुधा ग्रामपंचायतीचा नमुना ८ एवढाच आधार होता, आणि तो कर आकारणीचा उतारा. मालकीचा पुरावा नसल्याने कर्ज अडतं, भावकीत वाद पेटतात. म्हणून मिळकत पत्रिका हवीच. मोजणी रोखा म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

पण चुन्याची रेघ कोणाच्या सांगण्यावरून पडली, हे ड्रोनला दिसत नाही. नागपूरला कामाला आलेला भाऊ, नवऱ्यामागे घर सांभाळणारी बाई, सामाईक अंगण, बैल बांधायची वहिवाटीची जागा, हे सारं त्या दिवशी हजर असलेल्याच्या तोंडावर अवलंबून राहतं. रामटेक, उमरेड, काटोलकडच्या गावांत पत्रिका देण्याआधी नावं ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावीत. हरकतीची मुदत पेरणी-कापणीच्या धांदलीत संपू नये. पत्नीचं नाव पहिल्याच नोंदीत लागावं, आणि निस्तारपत्रकातली प्रत्येक जागा नव्या नकाशावर दाखवावी. यात काही महिने जास्त जातील. ते प्रशासनाने द्यावेत.