मैदान हिरवे, पण कोणाच्या पाण्यावर?

एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळाची दखल घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश दिला. नागपूरजवळच्या जामठा मैदानावरील सामनेही गेले; त्यांबरोबर हॉटेलवाले, वाहनचालक व किरकोळ विक्रेते यांची हंगामी मिळकतही गेली. निर्णय योग्यच होता. तहानेपुढे खेळ मोठा नाही. परंतु दोष केवळ दुष्काळाचा की नियोजनाचाही?

लकडगंजपासून जवळच, भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला पुरविले जाते. मग तोच मार्ग क्रीडांगणांसाठी का नसावा? सामन्याची तारीख ठरण्यापूर्वी पाण्याची तजवीज दाखविणे आयोजकांना बंधनकारक करावे. अतिथीला देव मानणाऱ्या समाजाने यजमानपणाचा भार शेजाऱ्याच्या घागरीवर टाकू नये. क्रीडापर्यटन टिकायचे असेल, तर हाच त्याचा पाया होय.