उघड्या खिडक्यांचा पसारा

संगणकाचा पडदा हें एक मेजच होय. 'डेस्कटॉप' हें नांव त्यास पडलें तें याच कारणानें. मेजावर कागद पसरावे त्याप्रमाणें पडद्यावर आपण एकामागून एक खिडक्या उघडितों. परंतु मेज भरलें म्हणजे काम झालें असें जसें नाहीं, तसेंच पडदा भरला म्हणजे अभ्यास झाला असेंही नाहीं. इतिहासाचा प्रकल्प, विज्ञानाची टिपणें, अर्धवट निबंध, दोन कोश व चार चित्रें हीं सर्व एकाच वेळीं उघडीं ठेवून बसणारे विद्यार्थी आज पुष्कळ दिसतात. या संवयीविषयीं दोन शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

ही सोय आली कशी तें प्रथम पाहूं. १९७३ सालीं अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत 'आल्टो' नांवाचा संगणक तयार झाला. त्याचा पडदा उभ्या धरलेल्या कागदाएवढा होता. एवढ्याशा जागेंत अनेक लेख मावावे कसे? ॲलन के व त्यांचे सहकारी यांनीं अशी युक्ति काढली कीं, मेजावरील कागदांप्रमाणें खिडक्या एकमेकींवर पडूं द्याव्या. ही युक्ति सर्वांनींच लगेच उचलली असें मात्र नाहीं. त्याच कंपनीच्या १९८१ च्या 'स्टार' संगणकावर व मायक्रोसॉफ्टच्या १९८५ च्या पहिल्या 'विंडोज'मध्यें कामाच्या खिडक्या फरशांप्रमाणें शेजारीं शेजारीं मांडीत. 'विंडोज'मध्यें त्या एकमेकींवर येऊं लागल्या त्या १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून.

शेजारीं मांडलेला कागद दिसतो. खालीं गेलेला विसरतो. म्हणूनच १९९५ सालीं 'विंडोज'मध्यें उघड्या खिडक्यांची नांवें दाखविणारी पट्टी पडद्याच्या तळाशीं आली, व पुढें एकाच पडद्यावर अनेक मेजें मांडण्याचीही सोय झाली. यंत्रानें उपायांमागून उपाय दिले; परंतु पसारा करणारा हात आपला असल्यामुळें तो आवरणेंही आपल्यासच प्राप्त आहे.

या पसाऱ्यानें आमच्या मतें तीन प्रकारचें नुकसान होतें. पहिलें अवधानाचें. मनुष्याच्या मनांत एका वेळीं सुमारें चारच गोष्टी धरून ठेवतां येतात, असा निष्कर्ष नेल्सन कॉवन या मानसशास्त्रज्ञानें २००१ सालीं मांडला. एक काम अर्धें टाकून दुसऱ्याकडे वळलें असतां लक्षाचा कांहीं भाग मागेंच अडकून राहतो, हें सोफी लरॉय यांनीं २००९ सालीं दाखविलें. दुसरें नुकसान यंत्राचें. खालीं सारलेली खिडकी बंद झालेली नसते. ती संगणकाच्या स्मृतींत जागा अडवून असते, आणि ती स्मृति अपुरी पडली म्हणजे सर्वच काम रखडूं लागतें. तिसरें व सर्वांत दुःखाचें नुकसान श्रमाचें. एकाच निबंधाच्या दोन प्रती उघड्या राहतात; सुधारणा होते एकींत व शिक्षकांकडे जाते दुसरी. अथवा दहा खिडक्या घाईनें मिटवितांना 'जतन करावयाचें काय?' या प्रश्नास 'नको' असें उत्तर दिलें जातें, आणि सायंकाळभराचें लेखन पाण्यांत जातें. एक ना धड, भाराभर चिंध्या, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते.

यावर कोणी म्हणतील, "खिडकी मिटली तर तें पान पुन्हां सांपडेल कशावरून?" खरी गोम येथेंच आहे. पुष्कळांनीं उघड्या खिडकीस आठवणवही करून टाकलें आहे. ज्याच्या वह्या जागच्या जागीं असतात त्यास वही मिटण्याचें भय वाटत नाहीं. लेखास प्रथमच स्पष्ट नांव द्यावें, विषयवार कप्प्यांत ठेवावें, कंट्रोल व एस या कळांनीं वरचेवर जतन करावें. मग तो मिटण्यास भीति कसली? राहिलेल्या कामाची यादी साध्या कागदावर लिहावी.

एकच खिडकी उघडी असावी, असा मात्र आमचा आग्रह नाहीं. मूळ उतारा व त्याचें भाषांतर, गणित व त्याची आकृति, हीं समोरासमोरच हवीं. विंडोजची खूण असलेली कळ धरून डाव्या अथवा उजव्या बाणाची कळ दाबली म्हणजे खिडकी पडद्याचें अर्धें अंग व्यापते, व दोन लेख शेजारीं बसतात. हातांतल्या कामास जें लागेल तें उघडें असावें. बाकीचें मिटावें, एवढेंच आमचें म्हणणें.

पालकवर्गासही एक विनंति आहे. पाल्याच्या पडद्यावर वीस खिडक्या दिसल्या तर त्यास एकदम आळशी म्हणूं नये, अथवा मोठा अभ्यासू समजून कौतुकही करूं नये. जवळ बसून शांतपणें विचारावें, "बाळ, यांपैकीं आतां तुला कोणती हवी?" या प्रश्नाचें उत्तर ज्यास देतां येतें त्यास स्वतःचें काम कळलें. विद्यार्थीदशेंत ही संवय लागली तर पुढें कचेरींत, दुकानांत वा प्रयोगशाळेंत ती त्याच्या उपयोगीं पडेल. आणि हातीं घेतलेलें एक काम तडीस नेण्याचें समाधान त्यास आजच मिळूं लागेल.