‘फितूर’ कोण?

‘फितूर’ हा शब्द मराठीत अरबी-फारसीच्या वाटेने आला आणि बखरींत, जुन्या पत्रव्यवहारात चांगलाच रुळला. किल्ला फितुरीने गेला, सरदार फितूर झाला, अशी वाक्ये इतिहासाच्या अभ्यासकाला नवी नाहीत. फितूर होणारा धन्याशी द्रोह करतो, हे त्या शब्दात गृहीतच आहे. आज हा शब्द आपल्याला मुख्यतः न्यायालयाच्या बातम्यांत भेटतो. पोलिसांपुढे एक आणि न्यायाधीशापुढे दुसरेच सांगणारा साक्षीदार फितूर ठरतो. आणि त्याच्या फितुरीमुळे खटला पडला, असे म्हणून आपण वर्तमानपत्राचे पान उलटतो. एका खुनाची जबाबदारी अशा रीतीने एका भित्र्या माणसाच्या माथी मारून शासन आणि समाज दोघेही मोकळे होतात. आमचा आक्षेप या मोकळे होण्याला आहे.

आता अहिल्यानगर नाव धारण केलेल्या आमच्या जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा या गावी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा मृतदेह झाडाला लटकलेला आढळला. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून त्याला शाळेतून नेऊन मारहाण केली आणि ठार करून आत्महत्येचा देखावा केला, असा अभियोग पक्षाचा दावा होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपींची निर्दोष मुक्तता केली. अनेक साक्षीदार फितूर झाले होते आणि त्यांत त्या शाळेतील शिक्षकही होते. न्यायालयाने ज्यांना सोडले त्यांना दोषी म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही आणि तसे आम्ही म्हणतही नाही. परंतु एक प्रश्न त्या निकालानंतरही उरतोच : तो मुलगा मेला, त्याचा हिशेब कोणी द्यायचा?

हा प्रश्न आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर चार दशकांहून अधिक काळ विचारला जात आहे. बेकायदा हत्यांची नोंद घेऊन सरकारांकडे जाब मागण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने १९८२ साली विशेष प्रतिवेदकाचे पद निर्माण केले. पाकिस्तानच्या निर्भय वकील अस्मा जहांगीर यांनी हे पद १९९८ ते २००४ या काळात सांभाळले. त्यांच्यानंतरचे प्रतिवेदक फिलिप ऑल्स्टन यांनी अमेरिकेच्या ड्रोनहल्ल्यांवर बोट ठेवले, तर पुढे आन्येस कालामार यांनी पत्रकार जमाल खशोगी यांच्या हत्येबद्दल सौदी अरेबियाच्या राजसत्तेला २०१९ मध्ये जबाबदार धरले. दक्षिण आफ्रिकेचे क्रिस्तॉफ हेन्स मार्च २०१२ मध्ये भारतात आले. त्यांनी चकमकी, कोठडीतील मृत्यू आणि सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा कायदा यांची दखल घेतलीच. शिवाय दलित, आदिवासी आणि स्त्रिया यांच्या हत्यांकडे व त्या हत्या करणाऱ्यांना मिळणाऱ्या अभयाकडेही लक्ष वेधले.

येथे एक मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. खर्ड्याला पोलिसांनी गोळी झाडलेली नव्हती. मग तेथील मृत्यूचा शासनाच्या उत्तरदायित्वाशी संबंध काय, असे कोणी विचारील. याचे उत्तर मिनेसोटा प्रोटोकॉल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दस्तऐवजात सापडते. संशयास्पद मृत्यूचा तपास कसा व्हावा, याची ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका मूळ १९९१ सालची असून २०१६ मध्ये ती नव्याने सिद्ध झाली. जगण्याचा हक्क राखायचा तर शासनाने स्वतः जीव घेऊ नये, इतरांना घेऊ देऊ नये आणि कोणाचा जीव गेलाच तर त्याचा छडा लावावा, अशी तिहेरी जबाबदारी तीत मांडली आहे. तपास तातडीचा, परिणामकारक, स्वतंत्र आणि पारदर्शक असावा. मृताच्या कुटुंबाला त्यात स्थान असावे. आणि साक्षीदारांना संरक्षण मिळावे, असे ती सांगते. या दृष्टीने पाहिले की फितूर साक्षीदाराकडे बघण्याची आपली नजरच बदलते. साक्षीदार का फिरला, हा केवळ त्याच्या चारित्र्याचा प्रश्न राहत नाही. ज्याला त्याच गावात राहायचे आहे, त्याच वाटेने रानात जायचे आहे, त्याच माणसांकडे कामाला जायचे आहे, त्याच्या पाठीशी शासन कोणत्या स्वरूपात उभे होते, असा तो प्रश्न होतो.

परक्यांनी आमच्या घरात नाक का खुपसावे, हा आक्षेप यावर ठरलेला आहे. २००१ मध्ये डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत जातीचा प्रश्न येऊ नये यासाठी भारत सरकारने हाच पवित्रा घेतला होता. परंतु नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ साली स्वतः होऊन स्वीकारला आणि सर्व विशेष प्रतिवेदकांना कायमचे निमंत्रण २०११ मध्ये स्वतः होऊन दिले. आपण बोलावलेल्या पाहुण्याने घरातील अडगळीची खोली पाहिली, तर रागावण्याचे कारण नाही. अडगळ आपलीच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा देखरेखीने साधते काय? प्रतिवेदक दोन आठवडे येतो, अहवाल लिहितो, शिफारशी करतो. त्या कोणावर बंधनकारक नसतात. बड्या राष्ट्रांना तर त्यांची फिकीरही नसते. यात तथ्य आहे, हे मान्य करावेच लागेल. छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली खरी, परंतु तो अनुसमर्थित करण्याची शिफारस हेन्स यांनाही करावी लागली, ती पंधरा वर्षे उलटल्यावर. तरीही या खटाटोपातून एक गोष्ट हाती लागते, ती म्हणजे मोजमापाची पट्टी. ती देशातील माणसांनी उचलली, तरच तिला अर्थ येतो. मुंबईतील १९९५ ते १९९७ या काळातील सुमारे ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली. त्यांबाबत पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने चिकाटीने न्यायालयीन लढा दिला, म्हणून २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक चकमकीच्या तपासासाठी १६ कलमी कार्यपद्धती घालून दिली. आणि बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, बदलापूर प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तेव्हा मुंबईत ‘बदला पूरा’ असे फलक झळकले. ज्याच्यावरील अतिशय गंभीर आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे होते, त्याच्या मृत्यूवर झालेला हा आनंद होता. तेव्हा पट्टी असून भागत नाही. ती हातात धरणारा समाजही लागतो.

सुदैवाने खर्ड्यासारख्या प्रकरणांत काय करावे, हे शोधायला जिनिव्हाला जाण्याचे कारण नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक दर तीन महिन्यांनी तरी व्हावी लागते. राज्य पातळीवर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वर्षातून दोनदा तरी भरावे, असा नियम आहे. २०१५ च्या दुरुस्तीने पीडित व साक्षीदारांचे हक्क कायद्यात आले. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्यता दिली. खर्ड्याचा निकाल लागून तेव्हा एक वर्ष झाले होते. आमची मागणी साधी आहे. साक्षीदार फिरल्यामुळे अशा प्रकारचा खटला पडला, तर त्या साक्षीदारांना कोणते संरक्षण देऊ केले होते, ते केव्हा दिले आणि ते का अपुरे पडले, याचा लेखी खुलासा जिल्हा समितीने जाहीर करावा. समितीची इतिवृत्ते लोकांना सहज पाहता यावीत. माहितीच्या अधिकाराच्या चळवळीला ज्या जिल्ह्यातील राळेगणसिद्धीने बळ दिले, त्या जिल्ह्यात ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.

राहता राहिला आम्हा अध्यापकांचा प्रश्न. ‘बलुतं’चे कर्ते दया पवार याच जिल्ह्यातील अकोले तालुक्याचे. गोविंद पानसरे यांचा जन्म याच जिल्ह्यातील कोल्हारचा. विचारांसाठी लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या या वृद्ध माणसावर फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या. आम्ही दलित आत्मकथने शिकवतो, ‘विद्रोह’ या संज्ञेवर टिपणे देतो, विद्यार्थी ती परीक्षेत उतरवून काढतात. ‘साक्षीचे साहित्य’ असा शब्दप्रयोगही आमच्या चर्चासत्रांत आता सराईत झाला आहे. साक्ष या शब्दाचा असा सढळ वापर करणाऱ्यांनी खर्ड्याच्या खटल्यात फितूर ठरलेले काही साक्षीदार आमच्याच पेशातले होते, याची नोंद आपल्या मनाशी ठेवावी. त्यांच्याकडे बोट दाखवून आपली सुटका करून घेणे सोपे आहे. त्यांच्या जागी आपण असतो, तर कोणाच्या भरवशावर बोललो असतो, हे विचारणे अवघड आहे.

आमच्या मते मराठीच्या वर्गात आत्मकथनांच्या शेजारी एखादा प्रसिद्ध न्यायनिर्णय, एखाद्या चकमकीचे शासकीय निवेदन हेही मजकूर म्हणून वाचले जावेत. ‘स्वसंरक्षणार्थ गोळीबार करण्यात आला’ या वाक्यातील कर्ता कोठे गेला, हे व्याकरण शिकवणाऱ्याने नाही विचारायचे तर कोणी विचारायचे? ‘साक्षीदार फितूर झाले’ या वाक्यात कर्ता आहे, पण कारण नाही. कर्ता आणि कारण या दोहोंचा पत्ता लागेपर्यंत वाक्य पुरे झाले असे समजू नये, एवढे जरी आमचे विद्यार्थी शिकले, तरी जाब विचारणारी माणसे या जिल्ह्यात वाढतील. परदेशातून येणाऱ्या प्रतिवेदकाला शेवटी अशाच माणसांच्या बोलण्यावर विसंबावे लागते.