चोरण्यासारखं आहेच काय?

मराठी मध्यमवर्गीय माणसाचा कुलपावर जेवढा विश्वास, तेवढा सख्ख्या भावावर नसतो. दोन दिवस साताऱ्याला जायचं, तरी तो कुलूप लावतो, ओढून बघतो, जिना उतरतो आणि पुन्हा वर येऊन ओढून बघतो. अशा माणसाच्या घरात ब्रॉडबँड येतो. मोडेमचं युजरनेम 'अ‍ॅडमिन', पासवर्डही 'अ‍ॅडमिन'. म्हणजे कुलपालाच दोऱ्याने किल्ली बांधलेली! आणि हे कुलूप मात्र कुणीही ओढून बघत नाही.

माझं पहिलं भांडण मोडेम बसवायला येणाऱ्या मुलाशी. मुलगा भला असतो, पण त्याला आणखी चार घरं उरकायची असतात. तो भिंतीला भोक पाडतो, पेटी टांगतो, आणि वायफायला पासवर्ड म्हणून आपलाच मोबाइल नंबर देतो. हा नंबर दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना पाठ. मग "चालतंय ना काका? आता सेटिंगला हात लावू नका," असा आशीर्वाद देऊन निघतो. फायरवॉलचं विचारलं तर म्हणतो, "काका, त्याने स्पीड कमी होतो."

कमी होतो म्हणे! फायरवॉल म्हणजे काही भानामती नव्हे. घरातून कुणी हाक मारली तर तिचं उत्तर आत येऊ द्यायचं आणि न बोलावता आलेल्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचं, एवढंच तिचं काम. आमच्या आजीने हे काम तांदूळ निवडता निवडता जन्मभर केलं. तिच्यामुळे वाड्याचा स्पीड कमी झाल्याची तक्रार कुणी केली नाही.

दुसरं भांडण शेजाऱ्यांशी. विषय काढला की ते हसून म्हणतात, "अहो, आपल्याकडे चोरण्यासारखं आहेच काय? लग्नाचे फोटो आणि विजेची बिलं!" अहो, पण या चोराला तुमचं सामान नकोच आहे, त्याला तुमचं घर हवंय. २०१६ साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले साठेक पासवर्ड जगभरच्या यंत्रांना एकामागून एक लावून पाहिले. लाखो कॅमेरे आणि राउटर अलगद उघडले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला या फौजेने इंटरनेटवरचे पत्ते सांगणाऱ्या एका अमेरिकन कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटरसारखी बडी धेंडं काही तास अनेकांना दिसेनाशी झाली. कॅमेऱ्यांचे मालक बहुधा तेव्हा आपल्यासारखेच डुलक्या काढत असतील.

अमेरिका लांब वाटते? मग नवी मुंबईला या. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्या सुमारास आलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग काढत पोलीस पोचले ते नवी मुंबईतल्या एका फ्लॅटवर. तिथलं वायफाय उघडं होतं. ई-मेल भलत्याचा, पत्ता मात्र फ्लॅटवाल्याचा. आता सांगा, चोरण्यासारखं काय आहे? तुमचं नाव आहे!

तिसरं भांडण मोडेम विकणाऱ्यांशी. आम्हा बँकवाल्यांच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्याही दोघांकडे. उद्या आम्ही सगळ्या लॉकरना एकच किल्ली दिली आणि 'ग्राहकाने सवडीने बदलून घ्यावी' असं बारीक अक्षरांत छापलं, तर लोक आम्हाला काउंटरवरून ओढून काढतील. ब्रिटनने असे सगळ्यांना सारखे पासवर्ड घालून यंत्रं विकायला २९ एप्रिल २०२४ पासून कायद्याने बंदी केली. तिथे कंपन्यांचं दिवाळं निघाल्याचं ऐकिवात नाही.

कायद्याचं व्हायचं ते होवो, बसवणारा मुलगा तर आपल्या दारात आहे ना? तो निघण्याआधी त्याच्याकडूनच कामं करून घ्या. अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलायचा. वायफायचा वेगळा आणि लांबलचक ठेवायचा. बाहेरून मोडेममध्ये शिरण्याची सोय गरज नसेल तर बंद करायची. फायरवॉल चालू करायची. मोडेमचं सॉफ्टवेअर नवं आहे का, ते बघायचं. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचं काम.

आणि चहा हे सगळं झाल्यावरच द्या. चहा प्यायलेला कारागीर पुन्हा पिशवी उघडत नाही.