माणसाच्या जिवाचा भाव

मोटारगाड्यांत दोष आढळला आणि कंपनीने हजारो गाड्या परत मागवल्या, अशी बातमी वृत्तपत्रांच्या व्यापार-पानावर अधूनमधून येते. वाचणाऱ्याला वाटते, कंपनी किती प्रामाणिक! आपली चूक आपणच कबूल करते आणि पदरच्या खर्चाने ती दुरुस्तही करून देते. परंतु ही बातमी छापून येण्यापूर्वी कंपनीच्या बंद दालनात किती वर्षे कोणता हिशेब चालला होता, हे त्या बातमीत नसते. तो हिशेब पाहायचा असेल तर अमेरिकेकडे पाहावे लागते. कारण तेथील न्यायालयांनी आणि चौकशांनी कंपन्यांची कपाटे उघडायला लावली.

फोर्ड कंपनीने १९७० साली ‘पिंटो’ ही स्वस्त, छोटी गाडी बाजारात आणली. तिची पेट्रोलची टाकी मागच्या आसाच्या पाठीमागे होती. मागून धडक बसल्यास ती फुटून आग लागण्याचा धोका होता. १९७२ साली कॅलिफोर्नियात अशा आगीत गाडी चालवणारी स्त्री मरण पावली आणि सोबतचा १३ वर्षांचा मुलगा भयंकर भाजला. १९७८ साली ज्यूरीने त्या मुलाला साडेबारा कोटी डॉलर दंडात्मक भरपाई देवविली. न्यायाधीशांनी ती ३५ लाखांवर आणली. त्याच वर्षी कंपनीने सुमारे १५ लाख गाड्या परत मागवल्या. तोवर आठ वर्षे लोटली होती.

या प्रकरणाशी १९७३ सालचे एक टिपण कायमचे जोडले गेले आहे. अपघातात इंधन गळू नये म्हणून दर गाडीमागे ११ डॉलर खर्चावेत काय, याचा त्यात हिशेब होता. माणूस मेला तर २ लाख डॉलर, भाजला तर ६७ हजार, गाडी जळाली तर ७०० डॉलर. एका पारड्यात सुधारणेचा खर्च १३ कोटी ७० लाख, दुसऱ्या पारड्यात वाचणाऱ्या जिवांची किंमत ४ कोटी ९५ लाख. निष्कर्ष उघड होता.

हे टिपण पिंटोपुरतेच होते अशी समजूत रूढ आहे. ती बरोबर नाही. ते गाडी उलटून होणाऱ्या इंधनगळतीसंबंधी आणि अमेरिकेतील एकंदर सव्वा कोटी गाड्यांसंबंधी होते. नव्या नियमाला विरोध म्हणून ते सरकारी सुरक्षा-खात्यापुढे मांडलेले होते आणि माणसाच्या मरणाचा २ लाखांचा भाव त्या खात्याच्याच आकड्यांतून घेतलेला होता. एवढ्यावरून काही पंडित फोर्डला निर्दोष ठरवू पाहतात. आम्हाला मात्र यातून गुन्हा लहान झालेला नसून मोठा झालेला दिसतो. एखाद्या कंपनीने चोरून जिवाचा भाव केला असता तर तिला शिक्षा करून प्रश्न मिटला असता. येथे भाव उघडपणे झाला आणि त्याचा तराजू सरकारने पुरवला!

पुढे काळ बदलला, परंतु तराजू बदलला नाही. जनरल मोटर्सच्या काही छोट्या गाड्यांतील चावीचा स्विच सैल होता. किल्ल्यांच्या जड जुडग्यानेही तो फिरे, चालत्या गाडीचे इंजिन बंद पडे आणि ऐन धडकेच्या वेळी एअरबॅग उघडत नसे. सुधारलेल्या भागाचा वाढीव खर्च एका डॉलरहूनही कमी होता. २००६ च्या सुमारास तो भाग गुपचूप बदलला गेला, पण त्याचा क्रमांक जुनाच ठेवला गेला. ‘दोष’ हा शब्दच कागदावर आणू नये, अशी शिकवण कर्मचाऱ्यांना दिली जात होती. २०१४ साली अखेर सुमारे २६ लाख गाड्या परत मागवल्या गेल्या. कंपनीच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. २०१५ साली ९० कोटी डॉलर भरून फौजदारी प्रकरण तडजोडीने मिटले. एकाही अधिकाऱ्यावर खटला झाला नाही.

हे सारे अमेरिकेत घडले, आपल्याला त्याचे काय, असे म्हणण्याची सोय नाही. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅग जगभर विकल्या गेल्या. त्या फुगवणाऱ्या भागात अमोनियम नायट्रेट होते. उष्ण आणि दमट हवेत ते वर्षानुवर्षे बिघडत जाते. मग धडकेच्या वेळी धातूचे कवचच फुटून त्याचे तुकडे चालकाच्या अंगात घुसतात. चाचण्यांचे आकडे खोटे दाखवल्याचा गुन्हा कंपनीने २०१७ साली अमेरिकेत कबूल केला. हे भाग बसवलेल्या गाड्या भारतातही परत मागवाव्या लागल्या. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्याची हवा कशी असते हे वाचकांना सांगायला नको.

आपल्याकडे २०१९ पर्यंत गाड्या परत मागवण्याचा कायदाच नव्हता. २०१२ पासून होती ती उत्पादकांच्या संघटनेची ऐच्छिक आचारसंहिता. २०१९ च्या दुरुस्तीने सरकारला सक्तीचा अधिकार मिळाला, हे स्वागतार्हच आहे. पण १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेले नियम पाहा. सक्तीचा आदेश काढावा लागल्यास दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. मुंबईच्या रस्त्यावरील काही आलिशान गाड्यांची किंमतही याहून अधिक असते! शिवाय हे नियम सात वर्षांच्या आतील गाड्यांनाच लागू. ताकाताचा दोष तर गाडी जुनी होईल तसा वाढत जाणारा आणि जनरल मोटर्सचा दोष दहा वर्षे दडपलेला. मग या सात वर्षांच्या मर्यादेने संरक्षण कोणाचे झाले?

सात वर्षांनंतर गाडी कोणाकडे जाते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला उत्तरही ठाऊक आहे. पहिला धनी नवी गाडी घेतो. जुनी जाते टॅक्सीवाल्याकडे, छोट्या व्यापाऱ्याकडे, कर्ज काढून पोट भरणाऱ्या चालकाकडे. कंपनीचे पत्र पहिल्या धन्याच्या पत्त्यावर पडून राहते. दोष मात्र तिसऱ्याच्या छातीसमोर बसलेला असतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. वयाची मर्यादा काढून टाका. दोषांच्या तक्रारींची नोंदवही जनतेला खुली करा. मालकी बदलेल तशी सूचना नव्या मालकाला पोचवण्याची जबाबदारी कंपनीवर आणि परिवहन कार्यालयावर टाका. दंड विकलेल्या गाड्यांच्या संख्येत मोजा आणि जाणूनबुजून दोष दडपणाऱ्या अधिकाऱ्याला व्यक्तिशः जबाबदार धरा. कंपनीच्या हिशेबात माणसाचा जीव हा खर्चाचा एक रकाना असेल. परंतु लोकशाही राज्याच्या हिशेबात तो तसा असता कामा नये.