बैठकीची लावणी
ढोलकीच्या कडकडाटावर रंगणारी फडाची लावणी सातारा-सांगलीच्या मुलखाला नवी नाही; लावणीकार पठ्ठे बापूरावांचे गाव रेठरे हरणाक्ष याच मुलखातल्या कृष्णाकाठचे. परंतु वाईच्या यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी ज्याने दोन हातांच्या अंतरावरून ऐकली, त्याला या कलेचे अंतरंग खरोखर उमगले. दिवाणखान्यात मोजके रसिक, तबला-पेटीची संयत साथ आणि समोर पदर सावरून बसलेल्या बाई. जागेवरून न उठता एकच ओळ त्या पुनःपुन्हा घेत, आणि भुवईच्या किंचित हालचालीने, बोटांच्या वळणाने, एखाद्या अक्षरावर लांबवलेल्या स्वराने त्याच ओळीतून कधी आर्जव, कधी रुसवा, कधी विरहाची व्याकुळता अशी काही प्रकट करीत, की दाद देण्यासाठी उचललेला हात तसाच राहून जाई. हे सूक्ष्म विभ्रम मोठ्या रंगमंचावर दुरून दिसणे अशक्यच. सरकारने २०१२ साली ‘पद्मश्री’ देऊन त्यांच्या गुणांवर मोहोर उठवली, हे यथायोग्य झाले. २०१८ साली बाई गेल्या. आता निदान आपल्या नगरवाचनालयांनी तरी आपले दिवाणखाने अशा बैठकींसाठी खुले करावेत आणि गाणारणीला सन्मानाची बिदागी द्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.